रविवारी कामाला बसणारी बाई

शेजारच्या भाभींनी सांगितलं की त्या आता कायमच्या रत्नागिरीला चालल्या, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडले. चिडायला काही अर्थ नव्हता. त्यांच्या नवऱ्याची इथल्या ट्रेडिंग कंपनीतली कारकुनी संपली होती, मुलाने गावाकडे घर बांधलं होतं, जाणारच ना माणूस! पण मला राग आला की तो कोणावर तरी निघतो, आणि त्या दिवशी समोर भाभीच होत्या.

"असं कसं भाभी? निदान जूनपर्यंत तरी थांबा."

"अगो, मी काय कतारला जन्माचा पट्टा लिहून दिलाय काय?" त्या म्हणाल्या आणि मग माझ्या लेकीकडे बघून त्यांचेच डोळे भरले. त्यामुळे मला पुढे भांडताही आलं नाही.

आम्ही दोह्यात अल थुमामाला राहतो. डोक्यावरून विमानं जातात, त्याची आता इतकी सवय झाली आहे की पाहुण्यांनी कान झाकले की आठवतं. भाभींचं दार आमच्या दारासमोर. लेक केजीत गेल्यापासून शाळेच्या बसमधून दुपारी उतरायची ती थेट त्यांच्याकडे. तिथेच जेवायची, झोपायची, अभ्यास करायची. माझ्याशी इंग्रजीत बोलणारी ही बया भाभींकडे मात्र मांडी ठोकून "कालवण वाढ" म्हणायची. मी अल सद्दच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत संध्याकाळ होते. नवरा रास लफानला गॅस प्लांटवर, तो पहाटे कंपनीच्या बसने जातो. म्हणजे दुपार ते संध्याकाळ आमच्या लेकीची आई भाभीच होत्या म्हणा ना. त्या गेल्या की सात वर्षांच्या मुलीला दुपारी दार उघडायला कोणी नाही.

घरात मदतीला बाई ठेवायची, तर तिचा व्हिसा, तिची राहायची सोय. आमचं घर एका बेडरूमचं. नोकरी सोडायची, तर नाशिकच्या फ्लॅटचे हप्ते अजून डोक्यावर. त्यावर माझ्या सासूबाईंनी नाशिकहून तोडगा काढला. त्या काही वाईट नाहीत हो. उलट फार चांगल्या आहेत, तोच तर घोळ आहे. वाईट असत्या तर सरळ नाही म्हणता आलं असतं.

"माझ्याकडे पाठव तिला," व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या. "घराजवळ चांगली शाळा आहे, मी प्रिन्सिपॉलबाईंशी बोलून ठेवलंय. हप्ते फिटेपर्यंत दोन वर्षांचा तर प्रश्न. मराठी तरी धड बोलेल पोर."

नवरा गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यातले प्रकार मला ओळखता येतात, आणि हे गप्प बसणं होकाराकडचं होतं. त्याच्या प्लांटवर निम्म्या लोकांची मुलं गावाला आजी-आजोबांकडे असतात. व्हिडिओवर वाढदिवस करायचे, सुट्टीत खेळणी घेऊन जायचं. त्याला ते जगावेगळं वाटत नव्हतं. मला वाटत होतं. माझ्या मुलीचा दुधाचा कुठला दात पडला, कुठला हलतोय, हे मला फोनवरून कळणार? मी त्याला स्पष्ट सांगितलं, मला ते जमणार नाही, मी मरेन.

"मग करायचं काय?" तो म्हणाला.

"मी घरबसल्या करायची नोकरी शोधते."

शेवटी जानेवारीत असं ठरलं की भाभी मार्चअखेर जाणार, तोवर मला पूर्णपणे घरून करायची नोकरी मिळाली तर लेक इथे. नाही मिळाली तर ती नाशिकला. आणि तोवर तिच्यासमोर या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. बेडरूमचं दार लावून, हळू आवाजात आम्ही हे ठरवलं.

खरं म्हणजे माझं काम घरून होण्यासारखंच. मी बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे असं की, इमारतीचं ड्रॉइंग एकदा काढून भागत नाही, ते दहादा बदलतं. कुठलं ड्रॉइंग कितव्यांदा बदललं, कोणाकडे गेलं, कोणी मंजूर केलं, कोणी शेरे मारून तोंडावर फेकलं, हे सगळं जिच्याकडे असतं ती मी. साइटवर जुन्या ड्रॉइंगवरून भिंत उभी राहिली तर पहिली बोंब माझ्या नावाने. पण हे सगळं चालतं कॉम्प्युटरवर. कागद हाताला लागत नाही. मग त्यासाठी रोज अल सद्दला जाऊन गारठवणाऱ्या एसीखाली शाल पांघरून का बसायचं? मी आमच्या मॅनेजरना तसं विचारलं. ते मान हलवून गोड हसले आणि म्हणाले, "इन्शाल्ला." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. पुन्हा "इन्शाल्ला," आणि वर खजूर दिला. इथे राहणाऱ्याला कळतं, कुठल्या इन्शाल्लाला काम होतं आणि कुठल्याला खजूर मिळतो.

तर मी शोधायला लागले. आणि काय सांगू, मला मजा यायला लागली! लग्नाआधी स्थळं बघतात तसं ते होतं, फक्त या वेळी बघणारी मी होते. सकाळी कारलिफ्टमध्ये, म्हणजे आम्ही बायकांनी मिळून महिन्याने ठरवलेल्या गाडीत, बसलं की फोन उघडायचा आणि जाहिराती वाचायच्या. 'पूर्ण रिमोट' असं ठळक लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरात, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात यावं लागेल. अरे, मग पूर्ण काय डोंबलाचं? एकाला घरून काम करणारा माणूस हवा होता, पण त्याचं घर बंगळुरातच हवं होतं. दुसऱ्याला अशी बाई हवी होती जिला 'घरात कसलाही व्यत्यय नसेल'. मी गाडीत मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा मागे बसलेली मल्याळी नर्स म्हणाली, अशी बाई फक्त कब्रस्तानात मिळेल. आम्ही सगळ्या इतक्या हसलो की ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

रोज काहीतरी यायचंच. एखादं उत्तर, एखादा नकार, एखादं 'आम्ही तुमचा अर्ज जपून ठेवला आहे'. नकार आला तरी मी पुढच्याला लागायचे. कित्येक वर्षांत मी स्वतःबद्दल चार चांगले शब्द लिहिले नव्हते. ते लिहिता लिहिता माझंच मला वाटायला लागलं, की अगं बाई, आपल्याला बरंच काही येतं की!

पहिला इंटरव्ह्यू मुंबईच्या एका कंपनीचा. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात त्या गृहस्थांनी विचारलं, घरी लहान मूल आहे का, कारण त्याने कामावर परिणाम होतो.

"आहे ना," मी म्हटलं. "तिच्यासाठीच तर नोकरी शोधतेय. तुमच्या घरी नाहीत का मुलं? तुमच्या कामावर काय परिणाम झाला?"

इंटरव्ह्यू तिथेच खलास. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला. जरा गोड बोलली असतीस तर काही झिजली असतीस का?" मी म्हटलं, हो, झिजले असते. पण आतून घाबरले होते. फेब्रुवारी संपत आला होता आणि भाभींच्या घरातली कपाटं विकायला निघाली होती.

आणि मग पुण्याची कंपनी सापडली. इंजिनियरिंग डिझाइन करणारी, आखाती देशांतल्या इमारतींची ड्रॉइंग्ज पुण्यात बसून काढणारी. त्यांना माझ्यासारखीच बाई हवी होती आणि त्यांचा 'पूर्ण' खरोखरचा पूर्ण होता. ऑफिसात पाऊल टाकायची गरज नाही. जाहिरात वाचली तेव्हा मला घाम फुटला, एसीच्या गारठ्यात!

पहिलं बोलणं तिथल्या विभागप्रमुख बाईंशी झालं. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसखालच्या कॅफेच्या कोपऱ्यात बसून बोलले. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाज शांत, प्रश्न मुद्द्याचे. आम्ही दोघी अगदी इस्त्रीची इंग्रजी बोलत होतो. मी म्हटलं, तुमचं ऑफिस उघडतं तेव्हा इथे सकाळचे साडेसहा असतात, माझी मुलगी तेव्हा शाळेच्या बसमध्ये चढते, मी लगेच कामाला बसू शकते. त्यांना ते आवडलं. मग मला वाटलं, आपली एक अडचण आपणच सांगून टाकावी. म्हटलं, "इथे आम्हाला शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. पण तुमच्याकडे शनिवार-रविवार असेल तर मी तसंच घेईन. मला काहीच फरक पडत नाही."

पडत होता. नवऱ्याची आणि लेकीची सुट्टी शुक्रवार-शनिवार, माझी शनिवार-रविवार. म्हणजे तिघं मिळून घरात असायचा दिवस एकच. पण मागणाऱ्याला कुठे निवड असते? मी तोंड भरून हो म्हटलं.

गुरुवारी त्यांची मेल आली. सोबत एक फाइल होती. एका इमारतीची वेडीवाकडी सरमिसळ झालेली ड्रॉइंग्ज, ती लावून कुठलं जुनं, कुठलं ताजं, हे ठरवायचं आणि नोंदवही तयार करायची. पुढच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत पाठवा, शंका असेल तर मला विचारा, असं लिहिलं होतं. खाली त्यांचा नंबर.

शुक्रवार-शनिवार माझे पाय जमिनीवर नव्हते. जेवणाचं टेबल खिडकीशी सरकवलं. नवऱ्याला इंटरनेटवाल्याच्या मागे लावलं. लेकीने विचारलं, काय चाललंय, तर म्हटलं साफसफाई. एक दिवसाची रजा टाकली आणि रविवारी सकाळी, लेक बसमध्ये चढल्याबरोबर, वर येऊन केस बांधले, देवापुढे दिवा लावला, चहाचा कप घेतला आणि बसले.

काय काम केलं मी त्या सकाळी! इतकी वर्षं केलेलं काम, पण माझ्या खिडकीशी, माझ्या कपातला चहा पीत, मागून कोणी "अर्जंट, यल्ला, यल्ला" अशी घाई न करता. भराभर ड्रॉइंग्ज लागत गेली. मधेच उठून कुकर लावला, पुन्हा येऊन बसले. मला हसूच येत होतं. हे असं रोज असेल, आणि दुपारी बेल वाजेल, आणि दार मी उघडेन!

तेवढ्यात एक खडा लागला. दोन ड्रॉइंग्जना एकच नंबर, दोन्हीवर बदलाचा क्रमांकही तोच, पण एकात जिन्याचं दार डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. यातलं खरं कुठलं? हे अंदाजाने ठरवायचं नसतं, विचारायचं असतं. मी मेल टाकली. उत्तर नाही. पुन्हा टाकली, जरा नम्र. उत्तर नाही. तिसरी टाकली, तिच्यात नम्रपणा कमी होता. संध्याकाळपर्यंत द्यायचं आणि विचारलेलं सांगायचं नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली. उचलला फोन आणि लावला.

बराच वेळ वाजल्यावर त्या बाईंनी घेतला. मागे भांड्यांचा आवाज, लहान मुलांचा गलका, आणि कोणीतरी ओरडून विचारत होतं, "वहिनी, बासुंदी वाढू का?" मला वाटलं, ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस असणार. आणि त्याने मी आणखीच पेटले. आम्ही इथे दाराच्या काळजीने मरतोय आणि हे ऑफिसात बासुंद्या ओरपतायत! रागात माझी इंग्रजी नेहमीच पळून जाते. सरळ मराठीत सुरू झाले.

"मॅडम, माफ करा, पण मी सकाळपासून मेलवर मेल टाकतेय. कामाच्या दिवशी कोणी साधं उत्तर देत नाही, ही कुठली पद्धत?"

त्या गलक्यातून बाजूला आल्या. मग त्याही मराठीत म्हणाल्या, "अहो बाई, आज रविवार आहे."

"हो, रविवारच आहे! तेच म्हणतेय ना मी! आठवड्याच्या पहिल्याच दिवशी तुमच्याकडे असा कारभार असेल, तर..."

आणि तिथे माझी गाडी थांबली. तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. बासुंदी, पाहुणे, वहिनी, पोरांचा गलका... अगं बाई गं! पुण्यात सुट्टी होती. अख्ख्या भारतात सुट्टी होती. मीच तोंड वर करून सांगितलं होतं की तुमची शनिवार-रविवारची सुट्टी मी घेईन, आणि मीच त्यांना जेवणावरून उठवून झापत होते. इथे इतकी वर्षं रविवारी सकाळी डबे भरून कामाला जाऊन जाऊन माझा रविवार कधीच सोमवार झाला होता, आणि मला ते कळलंही नव्हतं.

"सॉरी मॅडम, मी... इकडे कतारमध्ये..."

"घरी पाहुणे आहेत. ठेवते हं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाज तसाच शांत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी खुर्चीवर बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मग काम मात्र पुरं केलं, कारण अर्धवट सोडलेलं मला बघवत नाही. त्या दोन ड्रॉइंग्जपुढे लिहिलं, 'यातलं ताजं कुठलं हे तुम्ही सांगेपर्यंत मी कुठल्याच ड्रॉइंगला ताजं म्हणणार नाही.' फाइल पाठवून दिली. पाठवताना वाटलं, हे कोण उघडून बघणार आता?

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायला लागला. सोफ्यावर आडवा पडून हसला. "आठवड्याच्या पहिल्याच दिवशी असा कारभार," म्हणून पुन्हा पुन्हा हसला.

"हसतोस काय?" मी ओरडले. "लेक चालली नाशिकला माझ्या या जिभेपायी, आणि तुला हसू येतंय!"

मग मात्र तो उठून बसला. मला रडू फुटलं होतं. लेक आतल्या खोलीत चित्र काढत होती म्हणून तोंडावर पदर, म्हणजे ओढणी, दाबून रडले. त्यात सासूबाईंचा फोन. त्या शाळेच्या गणवेशाचं माप विचारत होत्या. शिंप्याकडे आत्ताच टाकलं तर वेळेवर होईल, म्हणाल्या. नवऱ्याने फोन घेतला आणि म्हणाला, "आई, चार दिवस थांब." तेवढ्यासाठी त्याचं हसणं मी माफ केलं.

सोमवारी मी ऑफिसात होते. पुण्याचा नंबर दिसला तेव्हा मला वाटलं, आता त्या रीतसर नाही म्हणणार. मी जिन्यात जाऊन घेतला.

"काल तुम्ही मला जेवणावरून उठवलंत," त्या म्हणाल्या. मराठीतच.

"मॅडम, मला खरंच फार..."

"थांबा, मला बोलू द्या. तुम्ही काल जे म्हणालात ना, ते मी दर रविवारी ऐकते. शब्द न् शब्द. दोह्याचे, कुवेतचे आमचे क्लायंट. त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो, ते ड्रॉइंग मागतात, इकडे सगळे झोपलेले. सोमवारी येऊन बघतो तर शिव्यांच्या मेल. रविवारी बसायला माझ्याकडे एक माणूस तयार होत नाही. दोघांना खास त्यासाठी ठेवलं, दोघंही पळाले. एकाच्या बायकोने मला फोन करून सुनावलं."

मी जिन्याचा कठडा धरला.

"आणि आता मला अशी बाई मिळाली, जिला रविवार हा रविवार वाटतच नाही. सुट्टी तुमचीच घ्या, शुक्रवार-शनिवार. चालेल ना?"

"चालेल?" मी जवळजवळ किंचाळले. "अहो, न चालायला काय झालं? धावेल!"

त्या हसल्या. पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, त्या दारांचं मी रविवारी रात्री बघितलं, ती मुद्दाम घातलेली परीक्षा नव्हती, आमच्याकडूनच खरंच एक नंबर दोनदा पडलाय, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "पण एक सांगते. क्लायंटशी बोलताना जरा बेताने हं. माझ्याशी बोललात तसं नको."

मी म्हटलं, मॅडम, क्लायंटशी मी इंग्रजीत बोलेन. इंग्रजीत मला राग येत नाही.

फोन ठेवला आणि मी जिन्यातच दोन उड्या मारल्या. चाळिशीकडे झुकलेली बाई, ओढणी खांद्यावरून घसरलेली, आणि जिन्यात उड्या! पॅन्ट्रीतला चहावाला वरून वाकून बघत होता. मी त्याला म्हटलं, भैया, आज चाय में डबल शक्कर. तिघांची एकच सुट्टी! हे तर मी मागायलाही धजले नव्हते.

पण लेखी हातात येईपर्यंत घरात सांगायचं नाही, असं मी ठरवलं. मला गुपित पोटात ठेवता येत नाही, पोट दुखतं. नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. निदान लेकीला नको म्हणून थांबले. कंपनीचं पत्र बुधवारी आलं, गाडीत असताना. मी मोठ्याने वाचलं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरने "मबरूक, मबरूक" म्हणून अभिनंदन केलं. इथल्या नोकरीचा राजीनामा, व्हिसा नवऱ्याच्या नावावर वळवायचा, त्याची सरकारी परवानगी, धावपळ पुष्कळ होती. पण त्या धावपळीला कोण घाबरतंय?

भाभींना सांगितलं, तेव्हा त्यांनी बांधलेल्या खोक्यांच्या मधेच मला मिठी मारली. "अल्लानं ऐकलान गो," म्हणाल्या. "आता माझे पाय इथून निघतील." मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं, की त्याही माझ्या लेकीच्या काळजीने अडकून होत्या. सासूबाईंना फोन केला, तर आधी त्यांनी शिंप्याला नको म्हणून सांगते म्हटलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. पोर आईजवळच बरी." आणि मग, "उन्हाळ्यात तरी पाठवशील ना?" मी म्हटलं, आई, आम्ही सगळेच येतो. त्यांचंही काहीतरी हातातून गेलं होतं, आणि त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी लग्नानंतर कधी वाटली नव्हती.

राहिली लेक. तिला काय सांगणार? तिला तर काहीच माहीत नव्हतं. आम्ही ठरवलं, नुसतं सांगायचं, आई आता घरूनच काम करणार. गुरुवारी संध्याकाळी, शाळा-ऑफिस दोन्ही सुटल्यावर, नवरा येताना केक घेऊन आला. तिने केककडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, कोणाचा बर्थडे?

"कोणाचाच नाही. आई आता रोज घरी असणार. तू शाळेतून आलीस की दार मी उघडणार."

ती केक खायची थांबली. चमचा ताटलीत ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबाकडे.

"म्हणजे मला नाशिकला जायचं नाही?"

हे तिने मराठीत विचारलं. स्वच्छ, पूर्ण वाक्य. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. दार लावून, हळू आवाजात बोलणारे आम्ही दोघं शहाणे! एका बेडरूमच्या घरात दाराचा काय उपयोग असतो? जानेवारीपासून ही पोर सगळं जाणून होती आणि एका शब्दाने आम्हाला विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कुठेच जायचं नाही. तू इथेच."

"पक्कं?"

"पक्कं. लेखी आलंय."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, वर्गात एक मुलगी आहे. नवीन आहे, जानेवारीत आली. ती रोज विचारते, माझी बेस्ट फ्रेंड होशील का. "मी रोज नो म्हणते. कारण मी जाणार ना. मग तिला वाईट वाटलं असतं."

नोकरीसाठी मी दोन महिने दारोदार विचारत फिरले, प्रत्येक नकाराचं गाडीत बसून नाटक करून दाखवलं, चार बायकांना हसवलं. आणि ही एवढीशी पोर, शाळेत जाऊन रोज, जे तिला हवंय त्याला नाही म्हणत होती. कोणाला न सांगता.

"आता हो म्हण," नवरा म्हणाला. "रविवारी शाळेत गेलीस की सांग."

"रविवारी?" तिने माझ्याकडे बघितलं. "आत्ता नाही सांगता येणार?"

त्या मुलीच्या आईचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या आयांना विचारलं, एकीने दिला, लगेच लावला. अनोळखी बाईला काय सांगायचं तेही सुचेना. नुसतं म्हटलं, माझ्या मुलीला तुमच्या मुलीशी बोलायचंय, अगदी महत्त्वाचं आहे. लेकीने दोन्ही हातांनी फोन धरला. पलीकडून बारीकसा हॅलो आला.

"यस," ती म्हणाली. "आय ॲम नॉट गोइंग."